डोंगरवाटेवरचा कागद आणि कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

पावसाळी भटकंती संपत आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढतो. या वेळी आलेल्या पत्रांत चित्रे काढणारे आणि छायाचित्रे टिपणारे असे दोन्ही प्रकारचे वाचक आहेत. त्यांच्या अडचणी वरवर वेगळ्या दिसल्या तरी पुष्कळदा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मी संगमनेर येथे शिक्षिका आहे. दर पावसाळ्यात मैत्रिणींबरोबर रतनगड, हरिश्चंद्रगड आणि अलंग-मदन-कुलंगच्या परिसरात जाते व मोबाईलवर काढलेल्या छायाचित्रांवरून घरी जलरंगात चित्रे करते. रेखाटन बरे जमते, परंतु डोंगर पुठ्ठ्यातून कापून एकामागे एक चिकटवल्यासारखे दिसतात आणि सगळे चित्र एकाच हिरव्या रंगात बुडून जाते. माझी चूक कुठे होते?

उत्तर : पत्रासोबत पाठवलेली तुमची तीन चित्रे मी बराच वेळ समोर ठेवून पाहिली. रेखाटन खरोखरच चांगले आहे, त्यामुळे दोष हातात नाही. तो ज्या छायाचित्रावरून तुम्ही काम करता त्यात आहे, आणि थोडासा डोंगराच्या घडणीकडे झालेल्या दुर्लक्षात आहे.

आधी छायाचित्राविषयी. हल्लीचे मोबाईल एका दृश्याच्या कमी-अधिक उजेडाच्या अनेक प्रतिमा एकापाठोपाठ टिपतात आणि त्यांची सांगड घालून आपल्या हाती एकच प्रतिमा देतात. या प्रक्रियेत सावल्या उजळतात, ढगांचा लखलखाट खाली येतो आणि सगळीकडचे तपशील स्वच्छ दिसू लागतात. पाहणाऱ्याला ते छान वाटते, पण चित्रकाराला ज्याची सर्वांत अधिक गरज असते ती छटांची उतरंड त्यात नाहीशी होते. प्रत्यक्षात तुम्ही उभ्या होतात तेव्हा समोरची कारवीची जाळी जवळजवळ काळी दिसत असेल, मधली सोंड राखी-हिरवी असेल आणि मागचा कुलंगचा कडा आकाशापेक्षा जेमतेम एक पायरी गडद असेल. मोबाईलने या तिघांना एका पातळीवर आणून बसवले आणि तुम्ही ते प्रामाणिकपणे रंगवलेत.

आपल्या आणि डोंगराच्या मधली हवा रिकामी नसते. तिच्यातील बाष्प आणि धूलिकण प्रकाश विखुरतात, त्यामुळे अंतर वाढत जाते तसतशी गडद जागा फिकी व निळसर होत जाते, कडांची धार बोथट होते आणि पोत मावळतो. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण वेगळ्या अर्थाने वापरतो. चित्रकाराने मात्र ती शब्दशः घ्यावी, कारण दूरच्या डोंगरावरचे खाचखळगे झाकणारी ही हवाच त्याच्या चित्रात खोली निर्माण करते. पावसाळ्यात तर दोन सोंडांच्या मधल्या घळीत ढग साचतो, आणि तेव्हा प्रत्येक सोंड वरच्या धारेकडे गडद व पायथ्याकडे फिकी होत विरघळून जाते. तुमच्या चित्रांत प्रत्येक डोंगर वरपासून खालपर्यंत एकाच छटेचा आहे. पुठ्ठ्याचा भास होण्याचे मुख्य कारण हेच आहे. पुढच्या वेळी धारेशी रंग भरा आणि तो ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या कुंचल्याने खाली ओढून नाहीसा करा. एवढ्यानेही मोठा फरक पडेल.

दुसरी गोष्ट घडणीची. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, घडलेल्या बेसाल्टचा डोंगर आहे. हे थर जवळजवळ आडवे आहेत. कठीण थराचा उभा कातळकडा होतो, त्याखालच्या ठिसूळ थराची झीज होऊन गवताचा किंवा झाडीचा उतरता पदर तयार होतो आणि त्याखाली पुन्हा कडा येतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट असतात, आणि एका डोंगरावरचा कातळटप्पा शेजारच्या डोंगरावरही साधारण त्याच उंचीवर पुढे चालू राहिलेला दिसतो. अलंग, मदन आणि कुलंग हे तिन्ही गड एका ओळीत पाहिले की हे चटकन लक्षात येते. तुम्ही डोंगराचा बाह्याकार नेमका काढला आहे, पण आतल्या रेषा सगळ्या शिखराकडून पायथ्याकडे धावतात. प्रत्येक डोंगरावर दोनतीन आडव्या कातळटप्प्यांची जागा आधी पेन्सिलीने हलकेच नोंदवा आणि पाण्याच्या घळींच्या उभ्या रेषा नंतर घ्या. असे केल्याने डोंगराला वजन येते.

हिरव्या रंगाचे म्हणाल, तर नळीतून निघणारा तयार हिरवा रंग जसाच्या तसा वापरणे काही काळ थांबवा. अल्ट्रामरीन निळा आणि एखादा पिवळा यांतून स्वतः हिरवा तयार करा, त्यात बर्न्ट सिएनाचा अंश मिसळून तो दबता करा, आणि जसजसे मागे जाल तसतसा पिवळा कमी करत निळा वाढवा. भाताच्या खाचरांचा पोपटी रंग मात्र तसाच झगमगता राहू द्या. तो एकच तुकडा उजळ ठेवला की त्याच्या शेजारचे दबते हिरवे आपोआप निराळे वाटू लागतात.

आणि तळहाताएवढी एक वही व मऊ शिशाची पेन्सिल पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवाच. छायाचित्र काढण्याआधी दहा मिनिटे बसून फक्त तीन छटांत रेखाटन करा आणि कडेला शब्द लिहा. कळसूबाईच्या पायथ्याशी बारी गावात केलेले माझ्या वहीतले एक पान आत्ता समोर आहे. त्यावर लिहिले आहे : ‘सकाळी साडेसात. आकाश पेजेसारखे. शिखराची कड आकाशात मिसळली आहे, फक्त डावीकडे दिसते. सर्वांत गडद : आंब्याखालचा गोठा. सर्वांत उजळ : गोठ्याचा ओला पत्रा.’ त्या दिवशी काढलेल्या चाळीस छायाचित्रांपैकी एकातही गोठा सर्वांत गडद दिसत नाही. चित्र मी या पानावरून केले. छायाचित्रे उपयोगी पडली ती पत्र्याच्या पन्हळी आणि आंब्याच्या फांद्या पाहण्यापुरती.

प्रश्न : पावसाळ्यात घाटमाथ्यावर काढलेली माझी छायाचित्रे एकतर पांढरी फटक येतात किंवा मळकट राखी. ढग आणि डोंगर दोन्ही नीट येतील असा काही उपाय आहे का? माझ्याकडे साधा डीएसएलआर कॅमेरा आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम राखी आहे असे गृहीत धरून चालतो. चौकटीचा मोठा भाग ढगाने व्यापला असेल तर तो त्या ढगालाच राखी करून टाकतो आणि छायाचित्र मळकट होते. उलट चौकटीत काळा कातळ जास्त असेल तर तो कातळ उजळवायला जातो आणि ढग फटफटीत होऊन जातात. यातले दुसरे नुकसान भरून येत नाही. सावलीत दबलेला तपशील रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपातील प्रतिमेतून पुष्कळसा परत काढता येतो, पण जिथे ढग पूर्ण पांढरा होऊन गेला तिथे मागे काहीच उरलेले नसते. म्हणून छायाचित्रे रॉ स्वरूपात घ्या, हिस्टोग्राम (छटांचा डावीकडे गडद, उजवीकडे उजळ असा आलेख) उघडा ठेवा आणि आलेख उजव्या काठावर आपटणार नाही अशा बेताने, पण त्या काठाच्या जवळपास, एक्स्पोजर (आत येणाऱ्या उजेडाचे प्रमाण) ठेवा.

पोलरायझर हा चकाकी कापणारा फिल्टर लोक निळ्या आकाशासाठी घेतात. माझ्या मते त्याचा खरा उपयोग आपल्या पावसाळ्यात आहे. ओल्या पानांवर आणि ओल्या कातळावर आकाशाची पांढुरकी चकाकी चढलेली असते. कातळाच्या बाबतीत फिल्टर फिरवून ही चकाकी किती काढायची ते जपून ठरवावे, कारण ती पूर्ण गेली तर कातळ ओला आहे हेच कळेनासे होते. पानांची चकाकी मात्र खुशाल काढा, म्हणजे खालचा हिरवा रंग वर येतो.

रुंद कोनाच्या भिंगाचा मोह थोडा आवरा, असेही सुचवावेसे वाटते. घाटमाथ्यावर समोरचे सगळेच चौकटीत घ्यावेसे वाटते, पण त्या चौकटीत डोंगर बोटभर आणि आकाश हातभर होते. सत्तर ते दोनशे मिलिमीटरच्या भिंगाने दूरच्या तीनचार धारा तेवढ्या वेचून घ्या. ढग सरकत असताना त्या धारा एकामागून एक उघडतात आणि झाकल्या जातात, म्हणून एका जागी तासभर थांबण्याची तयारी ठेवा. नाणेघाटावर मी एकदा तीन तास काही न दिसता बसलो होतो आणि जीवधनजवळचा वानरलिंगी सुळका मिनिटभरासाठी एकटाच ढगातून वर आला. त्या मिनिटात कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंग पुसलेले आणि फोकस ठरलेला होता, म्हणूनच छायाचित्र मिळाले.

घरी परतल्यावर कॅमेरा ओल्या पिशवीत राहू देऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत भिंगाच्या आत बुरशी धरते आणि ती काढणे खर्चाचे काम असते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात कॅमेरा ठेवा. जलरंगाच्या कागदालाही हाच नियम लागू आहे. दमटपणामुळे कागदावरील सरसाचा लेप जागोजागी खराब होतो, आणि वॉश (पातळ रंगाचा सलग हात) दिला की तिथे टिपकागदासारखे डाग उमटतात.

प्रश्न : हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसते असे ऐकतो. ते टिपण्यासाठी कधी जावे? (महाविद्यालयीन विद्यार्थी, जुन्नर)

उत्तर : इंद्रवज्र, म्हणजे ढगावर पडलेल्या आपल्या सावलीभोवतीची गोल रंगीत वलये, दिसण्यासाठी सूर्य पाठीशी आणि खाली उतरलेला हवा, समोर आपल्या पातळीखाली ढग किंवा दाट धुके हवे, आणि आपली सावली त्या ढगावर पडायला हवी. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे तेथे हा योग सकाळी, मागच्या बाजूने ऊन कड्यापर्यंत पोहोचल्यावर आणि कोकणातून वर आलेला ढग कड्याखाली साचलेला असताना येतो. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या हवामानावरील निबंधात याच गडावरून दिसलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन केले आहे. पाऊस ओसरत असतानाचे दिवस मला अधिक अनुकूल वाटतात, कारण तेव्हा ढगही असतात आणि वरून ऊनही मिळते.

तांत्रिक बाजू सोपी आहे. ढगावर ऑटोफोकस चाचपडतो, म्हणून फोकस हाताने अनंतावर ठेवा आणि व्हाइट बॅलन्स उन्हासाठीच्या खुणेवर स्थिर करा. रंगीत वलये आकाराने इंद्रधनुष्यापेक्षा पुष्कळ लहान असतात, त्यामुळे फार रुंद भिंगाची गरज पडत नाही. प्रत्येकाला वलयाच्या मध्यभागी स्वतःच्याच डोक्याची सावली दिसते. शेजारच्या मित्राला अधिक चांगले दिसत असेल म्हणून कड्याच्या टोकाकडे सरकणे हे निरर्थक तर आहेच, शिवाय जिवावर बेतणारे आहे. कोकणकड्याची कड आत वळलेली आहे आणि पावसात तिच्यावरचे गवत निसरडे असते. कडेपासून दूर, पालथे पडूनच खाली पाहावे.

प्रश्न : आम्ही पाच मित्र मे महिन्यात प्रथमच कुलूकडे, हिमालयात, जात आहोत. मी चित्रकार आहे आणि आजवर फक्त सह्याद्री रंगवला आहे. सोबत काय न्यावे आणि कशाची तयारी ठेवावी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सर्वांत आधी हे मनाशी धरा की सह्याद्रीवर शिकलेल्या हवेच्या युक्त्या तिथे जशाच्या तशा चालत नाहीत. उंचीवरची हवा विरळ आणि कोरडी असते. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच राहतो. त्यामुळे स्वच्छ सकाळी वीस किलोमीटरवरचे शिखरही शेजारच्या टेकडीइतके ठसठशीत दिसते, अंतराचा अंदाज चुकतो आणि आपल्या सवयीने मागचे डोंगर फिके केले तर चित्र खोटे वाटते. तिथे खोली मिळते ती मुख्यतः आकारांच्या लहानमोठेपणातून आणि उजेड-सावलीच्या पट्ट्यांतून. शिवाय तो वळ्या पडून उचलला गेलेला डोंगर आहे. थर तिरपे, काही ठिकाणी उभे आहेत, त्यामुळे आपल्या हाताला बसलेली आडव्या पायऱ्यांची सवय जाणीवपूर्वक सोडावी लागेल.

बर्फ पांढरा नसतो हे तिथे पहिल्याच दिवशी कळेल. उन्हातल्या बर्फाला किंचित पिवळसर ऊब असते आणि सावलीतल्या बर्फावर निळ्या आकाशाचा रंग उतरलेला असतो. कागद पूर्ण कोरा ठेवायचा तो फक्त उन्हातल्या सर्वांत उजळ तुकड्यासाठी. बाकी सगळ्या बर्फावर हलका वॉश येऊ द्या. छायाचित्र काढताना मघाशी सांगितलेला राखीचा नियम लक्षात ठेवून एक्स्पोजर एक ते दीड स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा, नाहीतर हिमशिखर राखेच्या ढिगासारखे येईल. पोलरायझर मात्र तिथे शक्यतो वापरू नका; मुळातच गडद असलेले आकाश त्याने काळे पडते.

जलरंग तिथे झपाट्याने वाळतात आणि मोठा वॉश अर्ध्यातच डाग धरतो. म्हणून हातभर कागदाऐवजी पोस्टकार्डाच्या आकाराचा, चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा सुती कागद न्या. पहाटे कुंचल्यातले पाणी गोठू शकते. बाटली जॅकेटच्या आत ठेवावी. पेन्सिल, थोडे तेलखडू आणि राखी कागद एवढे साहित्य असेल तर वारा सुटल्यावरही काम थांबत नाही. शिवाय पहिले दोन दिवस विरळ हवेची सवय होईपर्यंत स्वतःकडून फार अपेक्षा करू नका. दम लागलेल्या अवस्थेत हात रेषा नीट धरत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

कुलूत नग्गरला अवश्य थांबा. रशियन चित्रकार निकोलाय रोरिक १९२८ पासून १९४७ साली मृत्यू येईपर्यंत तिथे राहिले, आणि त्यांच्या राहत्या घरी आता चित्रदालन आहे. ते बहुधा टेम्परात, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या बंधकात कालवलेल्या रंगात, काम करत. टेम्पराचा रंग चकाकत नाही आणि लवकर वाळतो, त्यामुळे त्यांच्या डोंगरांचे सपाट, निळेजांभळे पट्टे एकमेकांत न मिसळता शेजारी बसतात. दालन पाहून झाल्यावर बाहेर येऊन संध्याकाळची दरी पाहा. त्यांचे रंग कल्पनेतले आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी तिथला सूर्यास्तानंतरचा अर्धा तास पाहिलेला नसतो.

सामानाचा भार जड वाटू लागला तर सॅम्युअल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराची आठवण काढा. १८६३ ते १८६६ या काळात त्यांनी हिमालयात तीन मोठ्या सफरी केल्या. त्या काळी काचेवर रसायनाचा लेप देऊन, तो ओला असतानाच छायाचित्र घेऊन, लगेच धुवावे लागे. त्यामुळे काचा, रसायने आणि अंधाराचा तंबू हे सगळे हमालांच्या पाठीवरून न्यावे लागे. १८६६ मध्ये त्यांनी सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. बोर्न यांच्याइतकेच त्या खिंडीपर्यंत काचा न फोडता पोहोचवणाऱ्या, नावे न उरलेल्या हमालांचेही ते काम आहे, असे मला ती छायाचित्रे पाहताना नेहमी वाटते.

प्रश्न : दुसऱ्याने समाजमाध्यमावर टाकलेल्या गडाच्या छायाचित्रावरून मी चित्र केले आणि ते प्रदर्शनात विक्रीला ठेवले, तर चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : विचारल्याशिवाय चालणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने छायाचित्राला कलाकृती म्हणून संरक्षण दिलेले आहे, ते छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकते, आणि माध्यम बदलले म्हणून नक्कल ही नक्कल राहत नाही असे होत नाही. घरी सरावासाठी केले तर कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. विक्रीसाठी मात्र छायाचित्रकाराची लेखी परवानगी घ्या आणि चित्राखाली त्याचे नाव द्या. पुष्कळ जण आनंदाने होकार देतात. गड कोणाच्याही मालकीचा नसला, तरी त्या गडासमोर पहाटे चार वाजता जाऊन उभे राहण्याचे कष्ट त्या माणसाचे आहेत.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. चाळीस वर्षे गड चढलो. आता गुडघे साथ देत नाहीत. निवृत्तीनंतर जलरंग शिकलो आहे, पण डोंगर चढता येत नसेल तर डोंगराचे चित्र काढण्यात अर्थ आहे का, असा प्रश्न पडतो. (एक ज्येष्ठ वाचक, पुणे)

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार जवळच्या माणसाचे पत्र वाचल्यासारखे वाटले. गडावर पोहोचलेल्या माणसाला तो गड दिसत नाही, त्याला समोरचे इतर डोंगर दिसतात. ज्या गडाचे चित्र काढायचे त्याच्या पायथ्याशीच बसावे लागते, आणि तिथपर्यंत आता बहुतेक ठिकाणी गाडी जाते.

भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेने रतनवाडीला जा. तिथल्या अमृतेश्वर मंदिराजवळ सावलीत घडीची खुर्ची टाकून बसले की रतनगड समोर असतो. सकाळचे ऊन त्याच्या आपल्याकडच्या बाजूवर पडते, त्यामुळे नऊपर्यंतचा वेळ कातळटप्प्यांच्या अभ्यासासाठी उत्तम. माथ्यावरचे नेढे (कातळातले आरपार भोक) आणि बाजूचा खुट्टा सुळका आपण कधीतरी जवळून पाहिलेच असतील. त्यांची जागा आपला हात न सांगता शोधील, आणि ज्याने तो गड कधी चढलेला नाही अशा चित्रकाराला हे साधत नाही. बारी गावातून कळसूबाई पाहायची असेल तरीही सकाळीच जा, कारण दुपारनंतर शिखर पाठीमागच्या उजेडामुळे नुसत्या छायाकृतीसारखे दिसते.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांची आठवण इथे काढणे मला आवश्यक वाटते. १९३१ साली वारलेल्या या थोर चित्रकाराने कोटितीर्थ तळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. तेच पाणी आणि तेच काठ वेगवेगळ्या वेळच्या उजेडात पाहण्यासाठी त्यांना दूर जावे लागले नाही. आपणही एकच डोंगर निवडा. पुण्यात राहता, तर सिंहगड सर्वांत सोयीचा आहे. शहराच्या नैऋत्येला त्याची बाह्यरेषा अनेक गच्च्यांवरून दिसते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर आठवड्यातून दोनदा तोच गड रंगवा आणि मागे तारीख, वेळ व हवा लिहून ठेवा. कार्तिकात गवत पिवळे पडते, माघात ते करडे होते, वैशाखातल्या धुरकट दुपारी गड दिसेनासा होतो आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर एकदम जवळ येऊन उभा राहतो. अशी पन्नास कार्डे झाली की ती मला पाठवा. या सदरातून त्यांतली काही, आपल्या नोंदींसह, छापण्याची माझी इच्छा आहे.